हरवलेल्या पत्त्याचा शोध आणि कायद्याची चौकट

कर्ज थकवून, न्यायालयाचे समन्स चुकवून किंवा घरच्यांशी संबंध तोडून निघून गेलेल्या व्यक्तीचा सध्याचा ठावठिकाणा शोधण्याच्या कामाला अमेरिकेत ‘स्किप ट्रेसिंग’ म्हणतात. कर्जवसुली कंपन्या, वकील आणि वारसांच्या शोधात असलेली कुटुंबे हे काम खाजगी तपासनिसांकडे सोपवतात. पूर्वी त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करत हिंडावे लागे. आज त्याचा मोठा भाग नोंदी जुळवण्यातच जातो, कारण गाव सोडलेल्या माणसालाही घर, वीज, फोन आणि नोकरी यांसाठी कुठे ना कुठे आपले नाव लिहून द्यावेच लागते.

या नोंदींपैकी सर्वांत उपयुक्त ठरतो तो ‘क्रेडिट हेडर’, म्हणजे नागरिकांच्या कर्जफेडीचा हिशेब ठेवणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या अहवालाचा वरचा भाग. त्यात कर्जाचा तपशील नसतो. मात्र नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारने दिलेला ओळख क्रमांक) आणि आजवरचे पत्ते असतात. काउंटी, म्हणजे अमेरिकेतील जिल्हा, पातळीवरील मालमत्तेचे आणि खटल्यांचे दप्तर तेथे बहुतांशी खुले असते. टपाल खात्याकडे स्थलांतराची नोंद झालेली असल्यास, पाकिटावर ठरावीक सूचना छापून पाठवलेल्या पत्रामुळे प्रेषकाला नवा पत्ता कळू शकतो.

माहिती विपुल असली तरी ती नेमक्या त्याच माणसाची आहे, हे ठरवणे अवघड असते. वडील आणि मुलगा यांचे नाव एकच असते, जुना फोन क्रमांक दुसऱ्याच ग्राहकाला मिळालेला असतो, आणि एका कंपनीची चूक तिच्याकडून माहिती विकत घेणाऱ्या इतरांकडेही पसरते. म्हणून कसलेला तपासनीस एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन स्रोतांचा दुजोरा घेतो. २०११ पूर्वी दिलेल्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या पहिल्या तीन अंकांवरून तो कोणत्या राज्याशी निगडित आहे हे कळत असल्याने, त्याचाही पडताळ्यासाठी उपयोग होतो.

या सामर्थ्याचा दुरुपयोग जीवघेणा ठरू शकतो. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अभिनेत्री रेबेका शेफर यांची हत्या करणाऱ्याने त्यांचा पत्ता एका खाजगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणी कार्यालयातून मिळवला होता. पुढे १९९४ मध्ये वाहनचालकांच्या नोंदी उघड करण्यावर संघराज्याच्या कायद्याने निर्बंध आणले. खोटी ओळख सांगून बँकेतील माहिती काढणे १९९९ च्या कायद्याने, तर फोनच्या नोंदी मिळवणे २००६ च्या कायद्याने गुन्हा ठरले. ऋणकोचा पत्ता विचारताना त्याच्यावर कर्ज असल्याचे तिऱ्हाइताला सांगण्यास वसुली करणाऱ्यांना १९७७ च्या कायद्यानेच मनाई आहे.

ठावठिकाणा लागणे आणि तो मागणाऱ्याच्या हाती देणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या कायद्यांतून स्पष्ट होते. घरातील हिंसाचारातून सुटून गेलेल्या व्यक्तींसाठी वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये खऱ्या पत्त्याऐवजी पर्यायी टपाली पत्ता देणारी योजना सुरू केली आणि इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. म्हणूनच सापडलेली प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने दूर गेली असल्यास, ती सुखरूप आहे एवढेच कुटुंबाला कळवून, पत्ता देण्यापूर्वी तिची संमती घेणे हाच जबाबदार तपासाचा मार्ग ठरतो.