खतं एकत्र कालवताय? आधी मूलद्रव्य, संयुग अन् मिश्रणातला फरक समजून घ्या

ठिबकच्या टाकीत दोन विद्राव्य खतं एकत्र टाकली की कधी कधी पाणी दुधासारखं पांढरं होतं. तळाला साका बसतो, फिल्टर आणि ड्रीपर चोंदतात. खत बोगस निघालं, असं आपण म्हणतो. पण बऱ्याचदा खत चांगलंच असतं. हे का होतं, ते शाळेतल्या तीन शब्दांतून समजतं.

मूलद्रव्य : एकाच प्रकारच्या अणूंचा पदार्थ. रासायनिक क्रियेने त्याची आणखी साधी फोड होत नाही. भुरीसाठी वापरतो ते गंधक, तसंच तांबं, लोखंड, जस्त ही मूलद्रव्यं.

संयुग : दोन किंवा जास्त मूलद्रव्यं ठराविक प्रमाणात रासायनिकरीत्या जोडली गेली की संयुग बनतं. त्यात मूळचे गुण राहत नाहीत. पोटॅशियम पाण्यात टाकलं की पेट घेतं, क्लोरीन हा विषारी वायू. पण दोघांचं संयुग म्हणजे आपलं एमओपी पोटॅश, जे आपण हाताने फेकतो. संयुगातलं प्रमाण बदलत नाही. म्हणूनच कंपनी कोणतीही असो, युरियाच्या गोणीवर नत्र 46 टक्केच असतं. 45 किलोच्या गोणीत ते 20.7 किलो भरतं.

मिश्रण : यात पदार्थ नुसते एकत्र येतात, जोडले जात नाहीत. घमेल्यात युरिया आणि लाल पोटॅश कालवलं तर दाणे वेगळे दिसतात, निवडताही येतात. प्रमाण आपल्या मर्जीचं. भेसळ करणाऱ्याचं फावतं ते इथेच.

आता टाकीकडे येऊ. कॅल्शियम नायट्रेटसोबत 12:61:00 टाकलं, तर कॅल्शियम आणि स्फुरद जोडले जाऊन पाण्यात न विरघळणारं नवं संयुग तयार होतं. मॅग्नेशियम सल्फेट किंवा 00:00:50 टाकलं तर जिप्सम होतं. आपण करायला गेलो मिश्रण, झालं संयुग! साक्यात गेलेलं अन्नद्रव्य पिकाला लगेच मिळत नाही, पैसा वाया जातो आणि नळ्या चोंदतात त्या वेगळ्याच.

प्रत्येक वेळी अशी क्रिया वाईटच, असंही नाही. बोर्डो मिश्रण नावालाच मिश्रण आहे. मोरचूद आणि चुना यांची क्रिया होते, म्हणून ते पानाला चिकटून राहतं. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं जाळतं. त्यासाठी द्रावणात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना अजून हवा.

मग करायचं काय? कॅल्शियम नायट्रेट कायम वेगळं सोडा, मधे एक-दोन दिवस जाऊ द्या. दुसरी कोणतीही खतं एकत्र करण्याआधी टाकीतल्याच प्रमाणात काचेच्या बरणीत थोडी कालवून अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ झालं किंवा साका बसला, तर ती जोडी टाकीत नको.