नव्या आवृत्तीचे भिंग आणि आपली तक्रार

छायाचित्रणात ज्याचे चित्त रमले आहे अशा गृहस्थाच्या हातातील भिंग उत्तम काम देत असते. परंतु त्याच भिंगाची नवी आवृत्ती निघाल्याची वार्ता कानी येताच, कालपर्यंत निर्दोष वाटणाऱ्या साधनाविषयी त्याच्या मनात किंतु उत्पन्न होतो. हा किंतु रास्त आहे की नाही, याचा निवाडा कारखानदाराच्या जाहीरनाम्यावरून होऊ शकत नाही. प्रत्येक नवी आवृत्ती ही कोणत्या तरी विशिष्ट तक्रारीवरचा इलाज असते, आणि ती तक्रार आपली असेल तरच तो इलाज आपल्या कामाचा, हे तत्त्व ज्याने मनाशी पक्के केले त्याचा पैसा सहसा वाया जात नाही.

कॅनन कंपनीचे ७०-२०० मिलिमीटरचे, एफ/२.८ अॅपर्चरचे झूम भिंग हा याचा उत्तम दाखला आहे. लग्नमंडप, क्रीडांगण, रंगमंच, अशा जिथे उजेड अपुरा आणि जवळ जाण्यास मज्जाव, तिथे व्यावसायिकांची भिस्त याच जातीच्या भिंगावर असते. हाताच्या कंपाचे निवारण करणारी त्याची पहिली आवृत्ती २००१ साली, म्हणजे फिल्मचा अंमल अद्याप चालू असताना, आली. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांची ग्रहणशक्ती वाढत गेली; २००८ मध्ये याच कंपनीचा ५डी मार्क २ हा कॅमेरा २ कोटींहून अधिक बिंदूंचे चित्र टिपू लागला, आणि फिल्मवर सहज खपून जाणारी भिंगाची शिथिलता, विशेषतः २०० मिलिमीटरवर अॅपर्चर पूर्ण उघडे असताना, डोळ्यांत भरू लागली. म्हणून २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत काचांची रचनाच नव्याने मांडण्यात आली, आणि वस्तूच्या कडांवर रंग फुटू नयेत यासाठी २३ काचांपैकी एक फ्लोराइटची व पाच अत्यल्प अपस्करणाच्या योजण्यात आल्या. हा फेरफार मूलगामी होता.

२०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीची कैफियत मात्र वेगळी आहे. तीत काचांची रचना दुसऱ्या आवृत्तीचीच राहिली. बदलले ते मुख्यतः लेप. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो, आणि हा परावर्तित प्रकाश इतक्या काचांमध्ये इकडून तिकडे आदळत राहिला की चित्रावर फिकट धुके पसरते. हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असलेला नवा लेप त्यास आणखी आवर घालतो. सूर्य किंवा प्रखर दिवा चौकटीत घेऊन ज्यांना काम करावे लागते, त्यांच्यासाठी ही सुधारणा मोलाची; इतरांना तिचा प्रत्यय क्वचितच यावा. कंपनिवारणाचा आकडा तर ४ स्टॉपवरून ३.५ वर आला. याचे कारण यंत्रणेतील बिघाड नसून मोजणीचा मानदंड बदलणे हे होते. निव्वळ आकड्यांवर विसंबून निर्णय घेणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

सुधारणेची किंमत कधी कधी दुसऱ्या एखाद्या गुणाने चुकवावी लागते. निकॉनच्या अशाच भिंगाच्या पहिल्या आवृत्तीत, पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर कोपरे धूसर व काळपट येत. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीने तो दोष दूर केला, परंतु अगदी जवळच्या वस्तूवर फोकस केला असता २०० मिलिमीटरचा आवाका बराच आखूड होऊ लागला. दुरून खेळाडू टिपणाऱ्याचे त्यात काही बिघडले नाही. जवळून चेहरे टिपणाऱ्याला मात्र २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीची वाट पाहावी लागली.

तेव्हा आपली तक्रार कोणती, हे आधी शोधावे. त्याचा पुरावा आपल्याच संग्रहात असतो, कारण प्रत्येक डिजिटल चित्रासोबत फोकल लेंग्थ, अॅपर्चर आणि शटरचा वेग यांची नोंद आपोआप होते. गेल्या वर्षभरातील फसलेली चित्रे काढून ती नोंद तपासावी. बहुतेक चित्रे एफ/८ वर घेतलेली असतील, तर एफ/२.८ वरील वाढीव सुस्पष्टता आपल्या उपयोगाची नाही. पळत्या मुलाचे चित्र मंद शटरमुळे हलले असेल, तर कंपनिवारण तिथे निरुपयोगी आहे, कारण ते हात स्थिर करते, मुलाला नव्हे. दोष खरोखर भिंगाचाच ठरला, तर नवी आवृत्ती एक दिवस भाड्याने आणून, आपल्याच कामात, आपल्याच उजेडात पारखावी.

जमाखर्चही नीट मांडावा. जुने भिंग विकून येणारी रक्कम वजा केल्यावर उरतो तो खरा खर्च. आणि कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या भिंगाला आत बुरशी धरली असेल, तर ती रक्कम फारच खाली येते. वजनाचा विचारही गौण मानू नये. सोनीचे याच मापाचे २०१६ चे भिंग १,४८० ग्रॅमचे होते, ते २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत १,०४५ ग्रॅमवर आले. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याच्या खांद्याला आणि मनगटाला हे सव्वाचारशेहून अधिक ग्रॅम कोणत्याही लेपापेक्षा अधिक जाणवतात. जुन्या भिंगाचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर ज्याची उपजीविका त्यावर चालते त्याने दुरुस्तीचा प्रसंग ओढवण्याआधीच तजवीज करावी.

या तपासणीत आपली तक्रार आणि नव्या आवृत्तीचा इलाज यांचा मेळ बसला, तर खर्चाचा संकोच बाळगू नये. उत्तम साधन हा कारागिराचा हक्कच आहे. मेळ बसला नाही, तर जुन्या भिंगावर श्रद्धा ठेवून तीच रक्कम दिव्यांवर, प्रवासावर किंवा शिक्षणावर वेचावी. चित्र उजळण्याची अधिक शक्यता तिथेच आहे.