अकोल्याचे कृषी विद्यापीठ : संशोधनापासून बांधापर्यंत

प्रस्तावना

विद्यापीठ म्हटले की वर्ग, परीक्षा आणि पदवी आपल्या डोळ्यांसमोर येतात. विज्ञान-तंत्रज्ञानाला वाहिलेल्या विद्यापीठाला मात्र आणखी एक कसोटी लावली जाते : तेथे निर्माण झालेले ज्ञान समाजाच्या उपयोगी पडले का? या घटकात आपण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ओळख याच कसोटीच्या आधारे करून घेऊ.

१. स्थापना

विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे आणि ते अकोल्यात हवे, या मागणीसाठी १९६७ साली अकोल्यात आंदोलन झाले. गोळीबारात काही आंदोलकांना प्राण गमवावे लागले. पुढे २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले गेले ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळचे. श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे ते संस्थापक. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते. आज विदर्भाचे अकराही जिल्हे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९०६ साली सुरू झालेले नागपूरचे कृषी महाविद्यालयही त्याचाच भाग आहे.

२. तीन कर्तव्ये

शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही कृषी विद्यापीठाची तीन कर्तव्ये होत. या रचनेचे मूळ अमेरिकेतील १८६२ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांत आहे. भारतात तिचा आरंभ १९६० साली पंतनगर येथे झाला. ‘विस्तार’ म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेणे आणि त्यांच्या अडचणी संशोधकांकडे आणणे. हा मार्ग दुहेरी आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

३. बियाण्याचा प्रवास

अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून सोयाबीनचे वाण पुढे आले आहेत. नवे वाण एका हंगामात तयार होत नाही. संकर, अनेक पिढ्यांतील निवड आणि निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्या यांत कित्येक वर्षे जातात. त्यानंतर विद्यापीठ थोडे ‘पैदासकार बियाणे’ तयार करते. त्यापासून ‘पायाभूत’ आणि पायाभूतपासून ‘प्रमाणित’ बियाणे होते. निळी खूणचिठ्ठी लावलेली प्रमाणित बियाण्याची पिशवी शेतकऱ्याच्या हाती पडते, ती या साखळीच्या शेवटी. बियाणे वाढवून विकणाऱ्या ‘महाबीज’ या महामंडळाचे मुख्यालयही अकोल्यातच आहे.

सोयाबीनच्या सरळ वाणाचे बियाणे शेतकरी उगवणशक्ती तपासून घरचे वापरू शकतो. संकरित कपाशीचे बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. म्हणूनच विद्यापीठ कोणते वाण देते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या खर्चाशीही जोडलेला आहे.

४. खारपाणपट्टा : भूमीने विचारलेला प्रश्न

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. येथील जमीन काळी व खोल आहे. परंतु विहिरीचे पाणी खारट आहे. ते पिकाला दिले तर क्षार साचून जमीन बिघडते आणि पावसाळ्यात चिकण मातीतून पाण्याचा निचरा होत नाही. म्हणजे पाणी असूनही शेती पावसावरच अवलंबून राहते. यावर शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवणे, चर काढून निचरा करणे, जिप्सम वापरणे असे उपाय सुचविले जातात. अन्यत्र यशस्वी ठरलेली शिफारस येथे जशीच्या तशी चालत नाही. स्थानिक संशोधनाची गरज यातून स्पष्ट होते.

५. भाषेचे स्थान

मराठीच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे आणखी एका अंगाने पाहावे. शोधनिबंध बहुधा इंग्रजीत लिहिला जातो. शेतकरी वऱ्हाडीत बोलतो. कपाशीच्या झाडाला तो पऱ्हाटी म्हणतो. शिफारस त्याच्यापर्यंत नेणारी पुस्तिका बोजड परिभाषेत अडकली, तर वर्षानुवर्षांचे संशोधन बांधावरच थांबते. औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या वाक्यातील संदिग्धता तर थेट पिकाला भोवते. सोपे आणि अचूक विज्ञानलेखन हेही विस्तारकार्यच आहे.

समारोप

कृषी विद्यापीठाचे मोठेपण इमारती आणि पदव्यांच्या संख्येवरून पूर्णपणे कळत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न तेथे पोहोचतो का आणि उत्तर त्याला समजेल अशा भाषेत परत येते का, यावर ते ठरते. १९६७ च्या मागणीचा अर्थही हाच होता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘विस्तार’ हा मार्ग दुहेरी का असावा लागतो?
२. आपल्या भागातील एखादी कृषी शिफारस शंभर शब्दांत, शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहा.