धरणी का हलते?

शेषानं फणा हलवला, म्हणून धरणी हलली. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर आहे. भार सोसून तो दमतो. मग तो भार एका फण्यावरून दुसऱ्या फण्यावर घेतो. तेवढ्यात जमीन हादरते. कोणी सांगतात, आठ दिशांच्या आठ हत्तींनी पृथ्वी पेलली आहे. कोणी म्हणतात, पाप फार वाढलं, की धरणीमाता अंग झाडते.

अशा गोष्टी फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. जपान देशात भूकंप फार होतात. तिथले लोक म्हणत, जमिनीखाली एक भला मोठा मासा आहे. एक देव त्याला दगडाखाली दाबून ठेवतो. देवाचं लक्ष उडालं, की मासा शेपूट आपटतो. १८५५ साली तिथल्या राजधानीच्या शहरात मोठा भूकंप झाला. तेव्हा या माशाची चित्रं बाजारात खूप खपली. ग्रीस देशातले जुने लोक म्हणत, समुद्राचा देव रागावला, की तो आपला त्रिशूळ जमिनीवर मारतो.

म्हणजे पाहा. एकाला नाग दिसला, एकाला मासा, एकाला देव. जमीन सगळीकडे तीच. कारण मात्र ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं. जमिनीच्या पोटात काय चाललं आहे, ते कोणालाच दिसत नव्हतं. आपल्या देशात वराहमिहिर नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्याला सुमारे दीड हजार वर्षं झाली. त्यांनीही आपल्या ग्रंथात भूकंपाची निरनिराळी मतं नोंदवली आहेत. कोणी पाण्यातले मोठे प्राणी म्हणतात, कोणी दमलेले हत्ती, तर कोणी वाऱ्यांची टक्कर. पंडितांचंही एकमत नव्हतं.

गांधीजी आणि टागोर

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात मोठा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. कवी रवींद्रनाथ टागोर यांना हे पटलं नाही. अस्पृश्यता जावी असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. पण सृष्टीत जे घडतं, त्याचं कारण सृष्टीतच शोधावं, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींनी टागोरांचं म्हणणं आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापलं आणि त्याला आपलं उत्तरही दिलं. दोघं थोर. दोघांचा एकमेकांवर लोभ. तरी न पटलेली गोष्ट त्यांनी उघड बोलून दाखवली.

आपणही विचार करून पाहू. भूकंपात तान्ही मुलं मरतात. त्यांनी कोणतं पाप केलं? आणि शेष हलला असता, तर सारी पृथ्वी सारखीच हलायला हवी होती. तसं होत नाही. एका गावात घरं पडतात, तर दूरच्या गावात नुसती भांडी वाजतात.

मग खरं कारण काय?

पृथ्वीचं वरचं कवच खडकाचं आहे. ते एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. एकेका तुकड्यावर अख्खे देश वसले आहेत. हे तुकडे अगदी हळू सरकतात. आपला भारत ज्या तुकड्यावर आहे, तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. तिकडचा तुकडा त्याला अडवतो. या रेटारेटीतूनच हिमालय वर आला.

एक ओली फोक घ्या. दोन हातांत धरून हळूहळू वाकवा. आधी ती वाकेल. ताण वाढेल. मग एकदम कडकन मोडेल आणि हाताला झिणझिण्या येतील. खडकाचंही असंच होतं. वर्षानुवर्षं ताण साठतो. मग खडक एखाद्या जुन्या भेगेशी तुटतो किंवा सरकतो. तळ्यात दगड टाकला, की लाटा चहूकडे जातात. तसा तो हादरा जमिनीतून चहूकडे पसरतो. यालाच आपण भूकंप म्हणतो.

हिमालय आपल्यापासून लांब आहे. पण त्या रेट्याचा ताण महाराष्ट्राच्या खडकातही आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं दगावली. तिथे धरणाच्या पाण्याचा भार पडला आणि पाणी भेगांतून खोल मुरलं. म्हणून आधीच ताणलेला खडक सरकला, असं शास्त्रज्ञ सांगतात.

किल्लारीला काय झालं?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं, तसंच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं झोपेतच गेली.

यापेक्षा मोठे भूकंप जगात पुष्कळ झाले आहेत. मग इथे इतकी माणसं का मेली? तिथली घरं पाहा. दगड-मातीच्या जाड भिंती. आतून दगडांचा एक थर, बाहेरून दुसरा, आणि मध्ये माती व कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारं काही नाही. वर मातीचं माळवद. ते गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी आणखी माती टाकलेली. हादरा बसला तशी भिंत पोटातून फुगली आणि फाटली. दगड आणि माती निजलेल्या माणसांवर आली. हलक्या छपराखाली निजलेली माणसं मात्र पुष्कळ वाचली.

म्हणजे माणसं मारली ती भिंतीनं आणि माळवदानं. शेषाला आपण आवरू शकत नाही. पण भिंत आपल्या हातात आहे.

आपण काय करावं?

१. नवी भिंत बांधताना मधून मधून भिंतीच्या पूर्ण जाडीएवढे लांब दगड आडवे घाला. ते दोन्ही थरांना धरून ठेवतात.

२. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा सिमेंट आणि लोखंडी सळ्यांचा पट्टा द्या. तो कोपऱ्यात तुटू देऊ नका.

३. माळवदावर मातीचे थर चढवत जाऊ नका. जास्तीची माती काढून टाका. छप्पर जितकं हलकं, तितका जीवाला धोका कमी.

४. धक्का बसला, घर दगड-मातीचं असलं आणि दार जवळ असलं, तर चटकन मोकळ्या जागी या. पक्क्या घरात असाल, तर भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा.

५. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के बसतात. तडे गेलेल्या घरात सामान आणायला परत जाऊ नका.

भूकंपानंतर अफवा फार उठतात. ‘आज रात्री बारा वाजता पुन्हा होणार’ असं कोणी सांगतो आणि सारं गाव रात्र जागून काढतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणं आजवर कोणाला जमलेलं नाही, शास्त्रज्ञांना नाही आणि ज्योतिष्यांनाही नाही. वेळ सांगणाऱ्याला दक्षिणा देऊ नका. तेच पैसे भिंतीला लावा.

नागपंचमीला वारुळाची पूजा जरूर करा. आजीची गोष्टही नातवंडांना सांगा. गोष्ट गोड आहे. पण घर बांधताना गवंड्याला एवढं विचारा, “बाबा, ही भिंत आतून बांधलेली आहे ना?”