चारही कडांवरचा शिक्का

काही वर्षांपूर्वी वर्किंग ड्रॉइंगचा संच प्लॉटरमधून बाहेर येई. रेषांची जाडी बरोबर, मापं बरोबर, टायटल ब्लॉकमध्ये फर्मचं नाव ठसठशीत. पण शीटच्या चारही कडांना मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक जास्तीची ओळ छापलेली असे: हे ड्रॉइंग ऑटोडेस्कच्या शैक्षणिक उत्पादनातून तयार झालं आहे. ती ओळ कुठल्याही लेयरवर नसे, म्हणून खोडायची म्हटली तर सापडत नसे. फाइलच्या पोटात एक नोंद बसलेली असे आणि प्लॉट करताना सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून मजकूर छापी.

ऑटोडेस्क कंपनीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड बाजारात आलं 1982 साली. पुढे ते जगभरच्या कॉलेजांत शिकवलं जाऊ लागलं आणि 2014 च्या डिसेंबरमध्ये ऑटोडेस्कने आपली सॉफ्टवेअर शाळा-कॉलेजांसाठी मोफत केली. अट एकच, वापर फक्त शिकण्या-शिकवण्यासाठी. विद्यार्थ्याला मिळणारं सॉफ्टवेअर कशातच कमी नव्हतं, त्यामुळे फुकटच्या आणि विकतच्या वापरातली सीमा दाखवायची जबाबदारी या शिक्क्यावर होती.

खरा त्रास होता शिक्क्याच्या पसरण्याचा. समजा, इंटर्नने स्वतःच्या लॅपटॉपवर उत्तर दिशेच्या बाणाचा सुबक ब्लॉक काढला. तो कुणीतरी कॉपी करून ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये टाकला. त्या टेम्प्लेटवरून जिना निघाला, टॉयलेटचा तपशील निघाला, दारं-खिडक्यांचं वेळापत्रक निघालं. दुधाला चमचाभर विरजण पुरावं तसा तो एक बाण सगळ्या संचाला पुरायचा. शिक्क्याची फाइल उघडताना जुन्या आवृत्त्या इशारा देत, पण घाईच्या दिवशी तो वाचायला कोण थांबतो? पुढे तीच फाइल स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे जाई आणि पैसे मोजून लायसन्स घेतलेल्या त्या माणसाच्या शीटवरही तीच ओळ उमटे.

यावर ड्राफ्ट्समन मंडळींनी एक तोड काढली होती. फाइल जुन्या आर-12 प्रकारच्या डीएक्सएफमध्ये सेव्ह करायची आणि परत उघडायची. शिक्का जाई, पण सोबत बरंच काही जाई. स्प्लाइनच्या गोलाईचे तुकड्या-तुकड्यांच्या पॉलीलाइन होत, अनेक लेआउट असलेल्या फाइलची रचना कोलमडे. बांधकामाच्या ड्रॉइंगशी असा खेळ करणं धोक्याचंच. आता त्याची गरजही उरलेली नाही. ऑटोकॅडच्या 2015 आणि त्यापुढच्या व्यावसायिक आवृत्तीत जुनी शिक्क्याची फाइल उघडून सेव्ह केली, की नोंद निघून जाते.

सगळ्या कंपन्या मात्र एकाच वाटेने गेलेल्या नाहीत. यंत्रांच्या डिझाइनमध्ये चालणारं सॉलिडवर्क्स आपल्या शैक्षणिक फाइलींवर ‘केवळ शिकवण्यासाठी’ अशी ओळ टाकतं. आर्किकॅडमध्ये शैक्षणिक फाइल उघडली, तर पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअरही शैक्षणिक रूपात काम करू लागतं. राइनो अगदी दुसऱ्या टोकाला. त्याच्या विद्यार्थी लायसन्सवर शिक्का नाही, शिक्षण संपलं तरी ते चालतं आणि त्यावर व्यवसायही करता येतो. निर्मात्यांनी विद्यार्थ्यावर टाकलेला हा विश्वास मोठाच म्हणायला हवा.

शिक्का गेला म्हणून लायसन्सचा प्रश्न सुटत नाही. शैक्षणिक प्रतीवर गिऱ्हाइकाचं काम केलं, की करार मोडलाच. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब तर सॉफ्टवेअरच्या बेकायदा प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगतं. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कैद न देण्याची मुभा न्यायालयाला आहे. फी घेऊन प्लॅन काढणाऱ्याला या सवलतीचा आधार कसा मिळणार?

या सगळ्यात सर्वांत कमी दोष इंटर्नचा असतो. वास्तुकलेच्या पदवीत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे दरवर्षी विद्यार्थी ऑफिसांत रुजू होतात. ‘स्वतःचा लॅपटॉप घेऊन ये’ असं त्यांना सहज सांगितलं जातं. त्या लॅपटॉपवर कॉलेजच्या ईमेलवरून घेतलेलं ऑटोकॅड असणार, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. ऑफिसचे पैसे वाचतात आणि लायसन्सचा प्रश्न निघाला, की बोलणी मात्र त्या पोराला बसतात. हे बरोबर नाही. ऑटोडेस्कची लायसन्स आता व्यक्तीच्या नावावर दिली जातात आणि इंटर्न गेला की तीच दुसऱ्याच्या नावावर करता येते. नुसतं द्विमितीय काम असेल, तर बरंच स्वस्त असलेलं ऑटोकॅड एलटी पुरतं. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइल उघडणारी ब्रिक्सकॅडसारखी सॉफ्टवेअरही आहेत. इंटर्नला कोणतं काम द्यायचं हे ठरवतानाच त्याला लायसन्स कोणतं द्यायचं तेही ऑफिसने ठरवावं, आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्लॉटिंगच्या खर्चाशेजारी मांडावा.