सूर्यफुलाच्या बिया : तेलापलीकडचे पोषण

सूर्यफूल म्हटले की आपल्याला तेलाचा डबा आठवतो. बी मात्र आपल्या ताटात क्वचितच येते. तेल काढल्यावर बियांतील प्रथिने, तंतू, लोह आणि मॅग्नेशियम पेंडीत उरतात आणि ती पेंड गोठ्यात जाते. घरातील बाईला ज्याची गरज असते, तेच आपण जनावरापुढे ठेवतो.

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात ही गोष्ट अधिक जाणवते. बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. पुढचे काही महिने पालावर भाकरी, चटणी, कांदा हाच मुख्य आहार असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यामुळे रोजच्या चटणीत काय आहे, याला महत्त्व आहे.

आपल्या मातीतले पीक

सूर्यफुलाचे तेलबिया वाण १९६९ च्या सुमारास सोव्हिएत संघातून भारतात आले. साधारण तीन महिन्यांत येणारे आणि कमी पाण्यावर तग धरणारे हे पीक मराठवाड्यात रुजले. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने त्याचे वाणही तयार केले. पुढे सोयाबीन वाढले आणि सूर्यफूल मागे पडले. आज या तेलासाठी आपण मुख्यतः रशिया, युक्रेन यांसारख्या देशांवर अवलंबून आहोत. २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटले, तेव्हा त्याची झळ आपल्या फोडणीला लागली.

मूठभर बियांत काय मिळते?

सोललेल्या ३० ग्रॅम बियांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, १० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, जवळपास १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि दीड मिलिग्रॅम लोह असते. मात्र प्रौढ स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. म्हणून या बिया लोहाच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. पालेभाजी, कडधान्य, मांस आणि जेवणात लिंबू यांच्या जोडीला त्या उपयोगी पडतात. मूठभर बियांत १७५ च्या आसपास उष्मांक असल्याने प्रमाण राखावे.

घरात कशा वापराल?

चटणी : एक वाटी सोललेल्या बिया मंद आचेवर तांबूस भाजा. दहा-बारा लसूण पाकळ्या, जिरे, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. कोरड्या बरणीत आठवडाभर टिकते. जवस किंवा कारळाच्या चटणीसारखीच भाकरीबरोबर छान लागते.

सालन : बघारे बैंगनच्या वाटणात थोडे शेंगदाणे कमी करून या बिया घाला. कोरम्यात काजूऐवजी भिजवून वाटा; रस्सा दाट होतो.

गोड पदार्थ : शीरखुर्म्यात चारोळी महाग वाटली तर तुपात परतलेल्या बिया चालतात. खजूर, तीळ आणि बियांचे लाडू सहरीला पोटभरीचे होतात.

ही काळजी घ्या

पेरणीचे बियाणे कधीही खाऊ नका. त्याला कीटकनाशक व बुरशीनाशक चोळलेले असते; धुऊनही ते खाण्याजोगे होत नाही. पिशवी मुलांच्या हाती लागू देऊ नका. घरच्या शेतातील बिया असतील तर वाळवून, हलके भरडून, सुपात पाखडून टरफले काढा.

बियांत तेल भरपूर असल्याने त्या लवकर खवट होतात. थोड्याच आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. खवट वास आला तर टाकून द्या. लहान मुलांना अख्ख्या बिया न देता कूट करून द्या, म्हणजे घशात अडकणार नाहीत. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेल्या बिया टाळाव्यात आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

भगिनींनो, शेताच्या बांधावर चार ओळी सूर्यफूल लावले तरी घरापुरत्या बिया निघतात. पाखरांचा वाटा गेला तरी चटणीची बरणी भरते. फडावर जाताना तिखट-मिठाच्या पुड्यांबरोबर ही बरणीही बांधून घ्या, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःच्या भाकरीवरही चमचाभर घ्यायला विसरू नका.