ब्रेक ओरडतो तेव्हा

एस.टी.च्या वेळापत्रकावर ज्यांचे सारे व्यवहार अवलंबून असत, त्या आपल्या मुळशी तालुक्यातील खेड्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रिह्याहून पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या आय.टी. पार्कमध्ये कामाला जाणारा तरुण असो, दाखल्यासाठी पौडला तहसील कचेरीत जाणारा शेतकरी असो, की दुधाच्या किटल्या लावून निघालेला गवळी असो, दुचाकीवाचून कोणाचेच चालत नाही. गाडी घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, रंग पाहतो, हप्ता ठरवतो. परंतु जो भाग आपला जीव वाचवतो, त्या ब्रेककडे मात्र तो ओरडू लागेपर्यंत लक्ष देत नाही. आणि ओरडू लागला, की त्याचे तोंड बंद करण्याची घाई करतो. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

आवाज येतो कसा?

आपल्याकडील साध्या गाड्यांना, निदान मागच्या चाकाला, बहुधा ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मध्यभागी लोखंडी ड्रम आणि त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ब्रेक शू असतात. शूवर घर्षणाचा थर चिकटवलेला असतो, त्याला आपण लायनर म्हणतो. पायाने ब्रेक दाबला, की कॅम फिरतो, दोन्ही शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. या घर्षणाने गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि गाडी थांबते.

हे घासणे एकसारखे झाले तर आवाज येत नाही. पण लायनर ड्रमला क्षणभर धरतो, क्षणभर सोडतो, असे सेकंदात शेकडो वेळा घडू लागले की ड्रम आणि शू थरथरतात. सारंगीचा गज तारेला असाच धरतो व सोडतो, म्हणून तार वाजते. आपल्या गाडीचे चाकही तसेच वाजते. फरक एवढाच, की ते कानाला गोड लागत नाही.

आवाजावरून दुखणे ओळखावे

पावसाळ्यात रात्रभर गाडी बाहेर उभी राहिली, की ड्रमच्या आत दमटपणाने पातळ गंज धरतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक दाबताना आवाज येऊन पुढे तो बंद झाला, तर काळजीचे कारण नाही.

भातलावणीच्या दिवसांत चिखलातून, आणि उन्हाळ्यात धुळीतून गाडी गेली, की माती ड्रममध्ये शिरते. मग आवाज दिवसभर येत राहतो. ड्रम उघडून साफ करणे हाच त्यावर उपाय.

उतारावर ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरण्याची सवय अनेकांना असते. त्यामुळे लायनर तापून काचेसारखा गुळगुळीत होतो. असा ब्रेक ओरडतोही आणि धरतही नाही. ताम्हिणी घाटासारख्या लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच वेग रोखते. ब्रेक थोडा दाबून पुन्हा सोडावा.

ब्रेक न दाबताही आवाज येत असेल, तर ब्रेक जास्त आवळलेला आहे, स्प्रिंग सैल पडली आहे किंवा कॅम सुकून अडकला आहे असे समजावे. मात्र लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखर आवाज आला, तर लायनर संपला आहे. तेथेच गाडी सावकाश बाजूला घ्यावी आणि शू बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेल हा उपाय नव्हे, अपघात आहे

कडी-कोयंडा वाजला, की आपण त्यात तेलाचे दोन थेंब सोडतो. हाच न्याय काही जण ब्रेकला लावतात आणि ड्रममध्ये जळके ऑइल सोडतात. आवाज लगेच बंद होतो, यात शंका नाही. पण त्याबरोबर ब्रेकही बंद होतो. ब्रेक चालतो तोच मुळी घर्षणावर, आणि तेलाचे काम घर्षण घालवण्याचे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर पोर आडवे आले, तर ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. तेथे तेलकट ब्रेक हाती असेल तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा. एकदा लायनर तेल प्यायला, की तो घासूनपुसून पूर्ववत होत नाही. दोन्ही शू बदलावेच लागतात. चेनला तेल देतानाही ते ब्रेककडे उडू देऊ नये.

योग्य उपाय

ज्यांना चाक खोलण्याचा सराव आहे त्यांनी घरी, इतरांनी गॅरेजमध्ये मेस्त्रीसमोर उभे राहून पुढील कामे करून घ्यावीत. ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. नाकावर रुमाल बांधून भुकटी ओल्या फडक्याने पुसावी. गुळगुळीत झालेला लायनर पॉलिश पेपरने हलकेच खरवडावा. कॅमला मात्र नखभर ग्रीस लावावे, लायनरला मुळीच नाही. ड्रमला खोल चरे पडले असतील, तर केवळ नवे शू टाकून भागणार नाही. शेवटी मागच्या पेडलची मोकळी चाल तपासावी. ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर असते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नवे शू बसेपर्यंत पहिले काही दिवस गाडी बेताने चालवावी.

पुढे डिस्क ब्रेक असेल, तर पॅडवरील खाच पुसली गेली का ते पाहावे. डिस्कलाही तेल किंवा पॉलिश लागू देऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

१ एप्रिल २०१९ पासून देशात नव्या दुचाकींना १२५ सी.सी.पर्यंत एकत्रित ब्रेक किंवा ए.बी.एस. आणि त्यावरील गाड्यांना ए.बी.एस. बंधनकारक झाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु झिजलेला लायनर कोणताही कायदा जाड करू शकत नाही. ते काम आपले आहे.

शूचा जोड ही काही मोठ्या खर्चाची बाब नाही. मागच्या सीटवर आपली आई, पत्नी किंवा शाळेला निघालेले मूल बसलेले असते. तेव्हा ब्रेक ओरडला, तर त्याला गप्प करू नका. तो काय सांगतो ते आधी ऐका, एवढीच वाचक बंधू-भगिनींना नम्र विनंती.